सरपणाच्या मोळीतून निघालेलं अर्थशास्त्र

कार्ल मार्क्स म्हटलं की आपल्याला लाल झेंडा, गिरणी आणि संप आठवतो. पण या माणसाला अर्थशास्त्राकडे वळवलं ते सरपणानं आणि द्राक्षबागायतदारांच्या हलाखीनं.

मार्क्सचा जन्म ५ मे १८१८ रोजी जर्मनीतल्या ट्रियरला झाला. मोझेल नदीकाठचा हा मुलूख द्राक्षाचा. वडील वकील. मुलगा तत्त्वज्ञान शिकला आणि १८४२ मध्ये कोलोनच्या एका वर्तमानपत्राचा संपादक झाला. आदल्या वर्षी प्रांताच्या सभेत सरपणाचा कायदा चर्चेला आला होता. गरिबांनी वहिवाटीनं वेचलेला वाळका फाटाही त्यात चोरी ठरत होता. नुकसानीची किंमत करायची जंगलमालकाच्याच राखणदारानं आणि दंडही मालकालाच! मार्क्सनं यावर झोड उठवली.

पुढं मोझेलचा प्रश्न आला. जकातीची बंधनं उठून बाहेरची वाइन आली, भाव पडले. तक्रारी वाढवून सांगितल्या जातात, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. मार्क्सनं जानेवारी १८४३ मध्ये बागायतदारांची बाजू छापली. मार्चअखेर सरकारनं पत्र बंद पाडलं.

मग पॅरिस, ब्रुसेल्स आणि १८४९ पासून लंडन. घरात इतकी तंगी, की अंगातला कोटही गहाण पडायचा. सात मुलांपैकी तीन मुलीच मोठ्या झाल्या. तरी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातली बैठक त्यानं मोडली नाही. त्यातून १८६७ मध्ये ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला.

त्यात नवीन काय होतं? मोल श्रमातून येतं, हे अॅडम स्मिथ आणि रिकार्डो आधीच सांगून गेले होते. पण नफा, खंड, मजुरी या गोष्टी ते ऊन-पावसासारख्या निसर्गानं दिलेल्या धरत. मार्क्स म्हणाला, ही माणसांनीच घातलेली घडी आहे. समजा, मजूर बारा तास राबला. त्याच्या मजुरीइतकं मोल सहा तासांतच निघालं, तर उरलेल्या सहा तासांचं मोल मालकाकडे जातं. नफा तिथून येतो.

जमिनीकडेही त्याचं लक्ष होतं. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाला वाचून त्यानं लिहिलं, की धान्य शहरात जातं, पण मातीतून गेलेलं मातीत परतत नाही, म्हणून कस घटतो. आपल्याकडच्या रयतवारीवरही त्यानं १८५३ मध्ये लिहिलं: मुंबई-मद्रास इलाख्यातली रयत नावाला मालक, पण ओझं मात्र कुळाचं.

१४ मार्च १८८३ रोजी लंडनमध्ये तो वारला. पुढं त्याच्याच नावानं सोव्हिएत राजवटीनं शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीनं एकत्र केल्या आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं दगावली, हेही विसरू नका.

मार्क्सचं सगळंच पटायला पाहिजे असं नाही. पण आडतीची पट्टी हातात आली, की त्याचा प्रश्न जरूर विचारा: हा भाव ठरवला कुणी, आणि माझ्या घामाचा वाटा गेला कुठं?