ग्रंथसंपादक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये

दूधगंगेच्या तीरावरील सदलगा हे गाव निपाणी भागातील वाचकांस अपरिचित नाही. याच गावी ६ फेब्रुवारी १९०६ रोजी डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म झाला. प्राकृत भाषेतील जुने ग्रंथ शुद्ध स्वरूपात प्रसिद्ध करणारे संपादक म्हणून त्यांची कीर्ती देशोदेशीच्या विद्वानांत पसरली.

१९३० साली ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले. अध्यापन सांभाळून त्यांनी कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ हा ग्रंथ विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह १९३५ साली प्रसिद्ध केला. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या सहकार्याने त्यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ हा ग्रंथ संपादिला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत त्याचे दोन भाग १९४३ व १९५१ साली निघाले.

जुन्या ग्रंथाचे संपादन म्हणजे केवळ पोथी छापखान्यात धाडणे नव्हे. पूर्वी ग्रंथ हातांनी उतरून घेत. नकलणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुके, एखादी ओळ गळे. पुढचा नकलणारा तीच चूक पुन्हा उतरवी. म्हणून संपादकास उपलब्ध पोथ्या शब्दाशब्दाने ताडून पाहाव्या लागतात. जो पाठ योग्य वाटेल तो वर छापावयाचा आणि उरलेले पाठभेद तळटीपेत नोंदवावयाचे, म्हणजे संपादकाचा निर्णय वाचकासही पारखता येतो.

उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा राजस्थानातील जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या संपादनासाठी डॉ. उपाध्ये यांच्यापुढे दोनच पोथ्या होत्या. एक पुण्याची कागदी व दुसरी जैसलमेरची ताडपत्रावरील. मूळ ग्रंथ १९५९ साली छापून झाला. प्रस्तावना व टिपांचा दुसरा भाग १९७० साली, म्हणजे अकरा वर्षांनी निघाला. या कथेतील बाजारपेठेच्या वर्णनात प्रांतोप्रांतीच्या व्यापाऱ्यांच्या बोलींचे मासले आहेत आणि त्यांत मराठ्यांच्या बोलीचाही एक आहे. आपल्या भाषेचा तो फार जुना पुरावा होय. तेथे संपादकाने मनाने एक अक्षर जरी बदलले असते, तरी तो पुरावा डागाळला असता.

भाषेच्या प्रश्नावरून ज्या सीमाभागात मने दुरावली, त्याच भागातील हा पंडित अनेक भाषांत सारख्याच आदरास पात्र ठरला. कोल्हापुरात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या या विद्वानास १९६७ साली श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. पुढे म्हैसूर विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. १९७५ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतील टिपा दिसल्या की आपण त्या ओलांडून पुढे जातो. यापुढे तेथे क्षणभर थांबावे. कोणा संपादकाचे वर्षानुवर्षांचे श्रम आणि त्याची सचोटी त्या ओळींत साठविलेली असते.