चीनच्या रणभूमीवर देह ठेवणारे डॉक्टर कोटणीस

इ. स. १९३८ च्या सप्टेंबर महिन्याच्या १ तारखेस मुंबई बंदरातून पाच हिंदी डॉक्टर चीन देशास जाण्यासाठी आगबोटीत बसले. त्यांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. प्रमुख डॉ. अटल अलाहाबादचे, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. कोटणीस ह्यांच्या वयास तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

जपानने इ. स. १९३७ च्या जुलै महिन्यात चीनवर स्वारी केली होती. चिनी सेनापती चू तेह ह्यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी वर्गणीचे आवाहन केले, आणि त्या पैशांवर हे पथक निघाले. कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते नुकतेच डॉक्टर झाले होते व पुढील परीक्षेची तयारी करीत होते. परीक्षा बाजूस ठेवून त्यांनी आपले नाव दिले.

पथक कँटनला उतरले, आणि थोड्याच आठवड्यांत ते शहर जपान्यांच्या हाती गेले. हँकौचीही तीच गत झाली. चुंगकिंग येथे असता कोटणीसांस वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. सोबत्यांनी घरी परतण्याविषयी सुचविले, परंतु ते परतले नाहीत. इ. स. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. डॉ. चोळकर वयाने वडील होते. ते आणि डॉ. मुखर्जी त्याच वर्षी स्वदेशी आले व डॉ. अटल त्यांच्या मागून आले. अर्धवट परतले म्हणून चोळकरांस कोणी उणे लेखू नये. उतारवयात त्या वाटेस लागणारे तरी किती असतात?

कोटणीस व बसू आघाडीकडे निघाले. तेथे कॅनडातील नामांकित शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून ह्यांस भेटण्याचा त्यांचा मानस होता. बेथ्यून एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. पहिल्या महायुद्धात स्ट्रेचर वाहण्याचे काम करीत असता ते इ. स. १९१५ मध्ये जखमी झाले होते. पुढे स्पेनच्या युद्धात त्यांनी जखमींस रक्त पुरविण्याची व्यवस्था केली, आणि नंतर ते चीनला आले. एकदा युद्ध पाहिलेला मनुष्य बहुधा त्यापासून दूर राहू इच्छितो. हे गृहस्थ तीनदा गेले. शस्त्रक्रिया करिताना बोट कापून रक्तात विष भिनले व १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. ही भेट झालीच नाही.

त्या मुलखातील इस्पितळ म्हणजे मोठी इमारत नव्हे. शेतकऱ्यांच्या घरांत जखमी ठेवावयाचे आणि शत्रू जवळ आला की सर्व काही उचलून डोंगरात न्यावयाचे, अशी तऱ्हा होती. जपान्यांनी नाकेबंदी केल्यामुळे औषधे दुर्मिळ झाली होती. इ. स. १९४० च्या एका मोठ्या लढाईत कोटणीस ह्यांनी तीन दिवस व तीन रात्री झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. इ. स. १९४१ च्या प्रारंभी बेथ्यून ह्यांच्या नावाच्या शांती इस्पितळाचे ते मुख्य झाले. त्यांनी चिनी भाषा चांगली आत्मसात केली, त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शिकविले आणि शस्त्रक्रियेवर एक पाठ्यपुस्तक लिहिले; दुसरे हाती घेतले ते अपुरेच राहिले.

इ. स. १९४१ मध्ये त्यांनी कुओ चिंग-लान नावाच्या परिचारिकेशी विवाह केला. पुढील वर्षी २३ ऑगस्ट रोजी पुत्र झाला. त्याचे नाव यिन-ह्वा ठेविले. यिन म्हणजे हिंदुस्थान व ह्वा म्हणजे चीन. त्यापूर्वीच कोटणीस ह्यांस अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडून जा, असे वरिष्ठांनी सांगितले असताही ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात झटक्यांनीच त्यांस मृत्यू आला. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

सैन्यात पडलेल्यांची मोजदाद होते, पण मागे राहिलेल्यांची कोण करितो? बसू इ. स. १९४३ मध्ये परतले. चिनी सुया टोचून रोग बरा करण्याची विद्या त्यांनी पुढे कलकत्त्यास आणिली आणि इ. स. १९८६ मध्ये ते वारले. चित्रपटदिग्दर्शक व्ही. शांताराम ह्यांनी इ. स. १९४६ मध्ये कोटणीसांच्या चरित्रावर बोलपट काढिला, त्यामुळे त्यांचे नाव देशभर घरोघर झाले. यिन-ह्वा वैद्यकीचे शिक्षण घेत होता. ते संपत आले असता इ. स. १९६७ मध्ये, चोवीस-पंचवीस वर्षांच्या वयात, तोही गेला. कुओबाईंनी पुढे दुसरा विवाह केला होता, तरी कोटणीस घराण्याशी असलेले नाते तोडले नाही. त्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेल्या. पतीच्या मागे सुमारे सत्तर वर्षे जगून इ. स. २०१२ मध्ये त्या चीनमध्ये निवर्तल्या. कोटणीसांचे थडगे शिज्याझ्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. बेथ्यून ह्यांचेही तेथेच आहे.