काडेपेटी कामगार मुलींच्या कैवारी : ॲनी बेझंट

मित्रांनो, दिवा लावताना आपण काडी ओढतो आणि विझवून फेकून देतो. ती काडी कुणी केली, हे कधी मनात येतं का? लंडनमध्ये एका बाईंनी याची चौकशी केली. त्यांचं नाव ॲनी बेझंट.

ॲनीबाईंचा जन्म १ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडन येथे झाला. त्या पाच वर्षांच्या असताना वडील वारले. आईने शाळकरी मुलांना घरी ठेवून घेऊन संसार चालवला. १८६७ साली ॲनीबाईंचे लग्न एका पाद्र्याशी झाले. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. धाकट्या मेबलला डांग्या खोकला झाला. लेकराचे हाल बघून बाईंचा देवावरचा विश्वास डळमळला. पटत नाही ते पटतं असं म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पतीचं म्हणणं होतं, चर्चचे नियम पाळ, नाहीतर घर सोड. १८७३ साली बाईंनी घर सोडले.

पुढे त्या लेख लिहू लागल्या, सभा गाजवू लागल्या. कुटुंब लहान कसे ठेवावे, हे सांगणारे एक पुस्तक त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याबरोबर छापले. १८७७ साली त्याबद्दल खटला झाला. तुरुंगवास टळला, पण १८७८ साली कोर्टाने मेबलला आईपासून काढून बापाकडे दिले. तेव्हा ती पुरती आठ वर्षांचीही नव्हती. केवढं दुःख झालं असेल! तरी बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही.

१८८८ साली त्या ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींना भेटल्या. मुलींना आठवड्याला चार-पाच शिलिंग मिळत. पाय मळके दिसले, दंड. काम करताना बोललं, दंड! पांढऱ्या फॉस्फरसच्या विषाने कामगारांचे जबडे सडत. बाईंनी हे सगळं छापलं. मालकांनी, हे खोटं आहे असं लिहून द्या म्हणून मुलींना धरलं. मुलींनी सही केली नाही. सुमारे १,४०० मुली व बाया काम सोडून बाहेर पडल्या. बाईंनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. दोन-तीन आठवड्यांत मालक नमले, दंड बंद झाले. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा मात्र १९०८ साली झाला.

त्याच वर्षी, म्हणजे १८८८ सालीच, बाई लंडनच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. उपाशी पोरांना शाळेत जेवण मिळावं म्हणून त्या झटल्या.

पुढे त्यांचे विचार बदलले. थिऑसॉफीच्या मार्गाने त्या १८९३ साली भारतात आल्या. १८९८ साली त्यांनी काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापली, त्याच वर्षी बाईंनीही आपली लीग काढली. १९१७ साली त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. २० सप्टेंबर १९३३ रोजी मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचे निधन झाले.

आणि मेबल? मोठी झाल्यावर दोन्ही मुलं आपणहून आईकडे परत आली.

खरं बोलायला किंमत पडते. ॲनीबाईंनी ती मोजली. पालकहो, मित्रांनो, पुढच्या वेळी काडी ओढाल तेव्हा त्या मुलींची आणि या बाईंची आठवण ठेवा.