डोंगर हलवणारा माणूस : रॉबर्ट लेटूर्नो



सुट्टीत भारतात गेलात की रस्त्याच्या कडेला एक पिवळं यंत्र माती उपसताना हमखास दिसतं. मामाला विचारलंत तर तो त्याला जेसीबी म्हणेल. यंत्र साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं असेल तर पोकलेन म्हणेल. ही दोन्ही खरं म्हणजे कंपन्यांची नावं, एक इंग्लंडची आणि एक फ्रान्सची. कंपन्यांची नावं अशी घरोघरी पोचतात, पण ज्यांनी ही यंत्रं घडवली त्या माणसांची नावं सहसा कुणाला ठाऊक नसतात. म्हणून या अंकात आम्ही अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. मोठ्या रबरी टायरांवर धावणारा बुलडोझर त्यानेच रुळवला.

रॉबर्ट गिल्मोर लेटूर्नोचा जन्म ३० नोव्हेंबर १८८८ रोजी अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या रिचफर्ड गावी झाला. पुढे घरची मंडळी मिनेसोटात आणि तिथून ओरेगनमधल्या पोर्टलंडला गेली. अभ्यासात रॉबर्टचं मन रमेना. चौदाव्या वर्षी, सातवीनंतर, त्याने शाळा सोडली आणि लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी धरली. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. कुणीतरी त्याला पोस्टाने शिकायचा यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम दिला. तो त्याने वाचला, पण त्यातला गृहपाठ कधीच पूर्ण केला नाही. (हे वाक्य छापावं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला!)

नंतर तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. १९०६ च्या मोठ्या भूकंपात तो त्याच शहरात होता. तिथल्या वीजकेंद्रात तो वेल्डिंग आणि विजेचं काम शिकला. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला आल्यावर त्याने लाकडं तोडली, शेतावर राबला, खाणीत उतरला, सुताराच्या हाताखाली काम केलं. शेवटी तो एका मोटार गॅरेजचा अर्धा मालक झाला. मोटारींच्या शर्यतीत मानेला कायमची दुखापत झाल्यामुळे पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही. तो नौदलाच्या गोदीत काम करू लागला.

युद्ध संपलं तेव्हा लेटूर्नोंचं सगळंच बिनसलं होतं. गॅरेज बुडालं होतं आणि डोक्यावर कर्ज होतं. १९१७ मध्ये एव्हलिन पीटरसनशी त्यांचं लग्न झालं होतं. त्यांचं पहिलं बाळ, केलेब, त्या वेळच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावलं. कर्ज फेडण्यासाठी त्यांनी होल्ट कंपनीचा एक ट्रॅक्टर दुरुस्त करून दिला. काम पाहून ट्रॅक्टरच्या मालकाने त्यांना ४० एकर जमीन सपाट करायलाही सांगितलं. ट्रॅक्टरवर बसून माती सरकवताना त्यांना आपलं काम सापडलं. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी जुना ट्रॅक्टर विकत घेतला, स्क्रेपर भाड्याने आणला आणि जमीन सपाट करण्याचा धंदा सुरू केला.

स्क्रेपर म्हणजे काय? स्वयंपाकघरातली किसणी आठवा. किसणीखाली डबा असतो आणि आपण तिच्यावर गाजर फिरवतो. इथे जमीन जागच्या जागी राहते आणि किसणी तिच्यावरून ओढली जाते. पात्याने खरवडलेली माती डब्यात भरते, आणि हवी तिथे नेऊन ती ओतायची. १८८३ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावच्या जेम्स पोर्टियस यांनी केलेला स्क्रेपर घोडे आणि खेचरं ओढत असत. पनामा कालव्यावरही तो वापरला गेला. लेटूर्नोंच्या वेळी पुढे ट्रॅक्टर आला होता, पण मागच्या डब्याचं पातं खालीवर करायला अजून वेगळा माणूस लागे.

हे लेटूर्नोंना पटेना. १९२१ मध्ये त्यांनी स्टॉकटनच्या मॉस अॅव्हेन्यूवर जागा घेऊन कार्यशाळा थाटली. तिथे त्यांनी स्वतःचे स्क्रेपर बनवायला घेतले. पातं हलवायला विजेच्या मोटारी बसवल्या. त्या काळी अवजड यंत्राचे भाग रिव्हेट ठोकून जोडत, पण ते सारं काही वेल्डिंगने जोडू लागले. वेल्डिंगचा जोड तुटणार, असं जुनेजाणते म्हणत. पुढे जगभर ही यंत्रं वेल्डिंगनेच बनू लागली. पोलादी दोराने पातं उचलण्याची त्यांची युक्ती तर इतर ट्रॅक्टरांवरही बसू लागली.

बुलडोझरचं पुढचं पातं मात्र त्यांनी शोधलेलं नव्हे. ट्रॅक्टरला असं पातं १९२३ मध्ये कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज आणि अर्ल मॅक्लाउड यांनी जोडलं होतं.

कंत्राटदार म्हणून लेटूर्नोंनी रस्ते, बांध आणि धरणांची कामं केली. नेव्हाडात हूव्हर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात ते सपाटून तोट्यात गेले. आम्हाला त्यांचं नवल वाटतं ते यानंतरच्या निर्णयाचं. १९३३ मध्ये त्यांनी कंत्राटं घेणंच सोडलं आणि फक्त यंत्रं बनवायची ठरवली. मंदीचे दिवस होते, तरीही १९३५ मध्ये त्यांनी इलिनॉयमधल्या पियोरियात कारखाना उघडला.

त्याआधीच, १९३२ पासून, ते माती हलवणाऱ्या यंत्रांना रबरी टायर लावू लागले होते. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. पट्ट्यांच्या ट्रॅक्टरचं वजन पुष्कळ जागेवर पसरतं, त्यामुळे तो मऊ जमिनीत रुतत नाही. स्टॉकटनच्या आसपासची दलदलीची शेतं नांगरण्यासाठीच तर होल्ट यांनी १९०४ मध्ये पट्टे वापरून पाहिले. पण पट्टे माणसाच्या चालीने सरकतात, वाळूने झिजतात आणि चांगला रस्ता उखडतात. एका कामावरून दुसऱ्या कामावर जायचं तर असं यंत्र ट्रकवर चढवून न्यावं लागतं. टायर भराभर पळतो, पण खडकावर फाटेल आणि चिखलात फिरत बसेल अशी लोकांना भीती होती. लेटूर्नोंनी टायर मोठे आणि रुंद घेतले.

१९३८ मध्ये त्यांचं टूर्नापुल बाजारात आलं. हा दोनच चाकांचा ट्रॅक्टर, मागे स्क्रेपर जोडलेला. बैल सोडले की बैलगाडी जशी पुढे टेकते, तसं हे यंत्रही मागच्या स्क्रेपरशिवाय एकटं उभं राहू शकत नसे. पण जोडी जमली की ती माती घेऊन रस्त्यावरच्या मोटारीसारखी धावे. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या सैन्याने माती हलवण्याची जी यंत्रं वापरली, त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लेटूर्नोंच्या कारखान्यांतली होती.

युद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, आला टूर्नाडोझर. चार मोठे टायर, पुढे पातं आणि वेग ताशी पंधरा मैलांहून जास्त. वळायचं असेल तेव्हा एका बाजूची चाकं रोखायची आणि दुसऱ्या बाजूची फिरवायची. त्यामुळे टायर घासले जात आणि नवे टायर महाग. ओल्या चिकणमातीत तर पट्ट्यांचा बुलडोझरच वरचढ ठरला. आमच्या मते लेटूर्नोंची पैज निम्मी जिंकली गेली. मात्र खाणीत सांडलेले दगड चटकन बाजूला करायला, कोळशाचे ढीग सरकवायला चाकांचा बुलडोझर आजही लागतो. फक्त आता तो कंबरेत वाकून वळतो.

१९५३ मध्ये लेटूर्नोंनी हा सगळा धंदा वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीला विकला. पाच वर्षं माती हलवणारी यंत्रं बनवायची नाहीत, अशी अट होती. ते चौसष्ट वर्षांचे होते. माती बंद झाली म्हणून ते समुद्राकडे वळले. तीन जाळीदार पाय समुद्रतळावर टेकवून पाण्याच्या वर उचलला जाणारा तेलविहिरीचा मंच त्यांनी बांधला. त्याचं नाव स्कॉर्पियन. १९५६ मध्ये तो ज्या कंपनीने घेतला तिचे प्रमुख होते जॉर्ज बुश, जे १९८९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

लेटूर्नो कमालीचे धार्मिक होते. मिळकतीतला नव्वद टक्के वाटा त्यांनी धर्मकार्याला दिला. पेरूच्या जंगलात त्यांनी टूर्नाविस्ता ही वसाहत वसवली आणि झाडं आडवी करणारी प्रचंड यंत्रं तिथे नेली. त्या काळी याला प्रगती म्हणत. आज अॅमेझॉनचं जंगल किती उरलं ते ऐकलेल्या मुलांना हा भाग आवडणार नाही, आणि आम्हालाही तो अवघड वाटतो. त्याच माणसाने १९४६ मध्ये टेक्सासमधल्या लाँगव्ह्यू गावी, लष्कराच्या रिकाम्या इस्पितळात, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी तंत्रशाळा काढली. मुलं आलटून पालटून एक दिवस वर्गात आणि एक दिवस कारखान्यात असत. सातवीनंतर शाळा सोडलेल्या माणसाच्या नावाचं ते आता विद्यापीठ आहे.

त्यांचा शेवटचा मोठा ध्यास म्हणजे प्रत्येक चाकात वेगळी विजेची मोटार. अमेरिकन सैन्यासाठी त्यांनी रुळांशिवाय चालणारी आगगाडी बनवली. तिची लांबी ५७२ फूट, चाकं ५४, आणि प्रत्येक चाकात मोटार! १९६२ मध्ये अॅरिझोनातल्या यूमाच्या वाळवंटात तिची चाचणी झाली. ती चालली, पण तोवर अवजड सामान उचलणारी हेलिकॉप्टर आली होती आणि सैन्याला तिची गरज उरली नाही.

लेटूर्नो १ जून १९६९ रोजी वारले. त्यांच्या नावावर तीनशेच्या आसपास पेटंटं होती. लाँगव्ह्यूचा कारखाना पुढे जपानच्या कोमात्सु कंपनीकडे गेला. त्या लांबलचक गाडीचे डबे भंगारात विकले गेले. पुढची चालकाची खोली तेवढी वाचली, आणि ती यूमाला जपून ठेवलेली आहे.