शपथ तीन महिन्यांची, संयम एक्केचाळीस वर्षांचा : वंदनीय मॅट टॅलबॉट



ज्या घराला दारूने कधीच त्रास दिला नाही, अशी घरे आपल्यात थोडीच सापडतील. कुणाचे वडील, कुणाचा भाऊ, कुणाचा तरुण मुलगा. सोडायची इच्छा पुष्कळांना असते. उपवासकाळ आला की राखेच्या बुधवारपासून बाटली बंद होते आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा उघडते. काहीजण रोजचे माप कमी करायचे ठरवतात. चार दिवस जमते, पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जीव कासावीस होतो आणि पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात. अशा वेळी आठवण ठेवावी असा एक साधा कामगार आयर्लंड देशातील डब्लिन शहरात होऊन गेला. तो धर्मगुरू नव्हता, मठवासी नव्हता, शिकलेलाही फारसा नव्हता. त्याचे नाव मॅथ्यू टॅलबॉट. सगळे त्याला मॅट म्हणत.

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनच्या एका गरीब वस्तीत झाला. वडील चार्ल्स बंदरात नोकरीला होते, आई एलिझाबेथ घर सांभाळी. बारा मुलांमध्ये मॅट दुसरा. घरभाडे थकले की बिऱ्हाड हलवायचे, असे त्यांचे दिवस होते. शाळेत तो थोडाच काळ गेला आणि साधारण बाराव्या वर्षी कामाला लागला. काम मिळाले ते मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे, निरोप्याचे. तेथे बाटल्यांत उरलेली दारू मोठी माणसे पीत, मग पोरेही पिऊ लागली. थोड्याच दिवसांत मॅट झिंगून घरी येऊ लागला.

वडिलांनी त्याला चोप दिला आणि आपल्या नजरेखाली असावा म्हणून बंदरातल्या कामावर लावले. पण तेथील गोदामात व्हिस्कीची पिंपे होती! मुलगा बिअरवरून व्हिस्कीवर गेला. आपल्यामुळे वडिलांना खाली बघावे लागते, हे कळल्यावर त्याने ती नोकरी सोडली आणि गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहण्याचे काम धरले. अंगाने काटक, कामाला चांगला. मुकादम त्याच्यावर खूश असत. पण शनिवारी हातात पडलेला पगार सोमवार-मंगळवारपर्यंत संपलेला असे. आईच्या हातावर तो क्वचित एखादे नाणे ठेवी. पैसे नसले तर उधारीवर पिई, तेही न जमल्यास अंगावरचा कोट किंवा पायांतले बूट गहाण टाकी. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब वादकाचे व्हायोलिन त्याने व त्याच्या सोबत्यांनी पळवले आणि विकून त्याची दारू प्यायले. हे पाप पुढे जन्मभर त्याच्या मनाला टोचत राहिले.

एक गोष्ट मात्र खरी. या सगळ्या काळात रविवारची मिस्सा त्याने सहसा चुकवली नाही. चर्चमध्ये तो शरीराने हजर असे, मन दुसरीकडे. कम्युनियन घेणे कधीच सुटले होते.

१८८४ साल उजाडले. मॅट अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. त्या आठवड्यात तो कामावर गेला नव्हता, त्यामुळे शनिवारी पगार नव्हता. खिसा रिकामा आणि घसा कोरडा. सोबती पगार घेऊन येण्याच्या वेळी तो गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर उभा राहिला. आपण इतक्यांना पाजले आहे, आज कुणीतरी आपल्याला आत बोलावेलच, अशी त्याची खात्री होती. ओळखीची माणसे एकेक करून आली, रामराम करून पुढे गेली. कुणीही त्याला आत बोलावले नाही. हा घाव मॅटच्या वर्मी लागला. तो घरी परतला. इतक्या लवकर आणि शुद्धीवर आलेला मुलगा पाहून आईला नवल वाटले. दारू सोडण्याची शपथ घ्यायला जातो, असे त्याने सांगितले, तेव्हा पाळायची असेल तरच घे, अशा अर्थाचे काहीतरी ती माउली बोलली आणि तिने त्याला देवाच्या हाती सोपवले.

मॅट क्लॉनलिफ येथील होली क्रॉस सेमिनरीत गेला. तेथे त्याने एका धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. ही शपथ फक्त तीन महिन्यांची होती. आयुष्यभराची शपथ घेण्याचे बळ आपल्यात नाही, हे तो ओळखून होता. दुसऱ्या दिवशी रविवारी किती तरी वर्षांनंतर त्याने पवित्र कम्युनियन स्वीकारले.

बंधुभगिनींनो, पुष्कळ चरित्रे येथे संपतात : पापी वळला, संत झाला. मॅटची खरी लढाई येथून सुरू झाली. शपथ घेतल्याने तलफ जात नाही. काम सुटल्यावरची संध्याकाळ, म्हणजे इतकी वर्षे गुत्त्यात घालवलेले ते दोन-तीन तास, त्याला खायला उठत. हात कापत, मन सैरभैर होई. हे तीन महिने कधी संपतात आणि मी कधी पितो, असेही त्याला वाटे. मग त्याने काय केले? त्याने अगदी साधे, कामगाराला सुचतील असे उपाय केले.

पहिला उपाय वाटेचा. ज्या रस्त्यावर आपला गुत्ता आहे तो रस्ताच त्याने टाळला. लांबच्या वाटेने तो घरी येई.

दुसरा उपाय पैशाचा. असे सांगतात की एकदा खिशात पैसे असताना त्याचे पाय एका गुत्त्यात वळलेच. आत जाऊन तो उभा राहिला, पण मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतला होता. आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही, याचा मॅटला राग आला. तो तसाच बाहेर पडला आणि चर्च गाठून दार बंद होईपर्यंत तेथेच बसला. त्या दिवसापासून त्याने खिशात पैसे ठेवून फिरणे बंद केले. हातात पैसा नाही म्हणजे मोहाचे निम्मे बळ गेले.

तिसरा उपाय वेळेचा. पहाटे पाच वाजता, कामावर जाण्यापूर्वी मिस्सा आणि संध्याकाळी काम सुटले की पुन्हा एखादे चर्च. गुत्त्याची वेळ रिकामी ठेवली तर ती गुत्त्याकडेच ओढते, म्हणून ती वेळ त्याने प्रार्थनेला देऊन टाकली. सुरुवातीला प्रार्थना गोड लागे असे नाही. कधीकधी नुसते बाकावर बसून राहणे एवढेच त्याला जमे. पण तेवढा तास निभावला जाई.

चौथा उपाय आठवणीचा. कोटाच्या बाहीवर त्याने दोन टाचण्या क्रुसाच्या आकारात टोचून ठेवल्या होत्या. नजर गेली की शपथ आठवे आणि आपल्यासाठी क्रुसावर तहानलेला प्रभूही आठवे.

तीन महिने संपले. त्याने शपथ पुढे वाढवली, पुन्हा वाढवली, आणि शेवटी ती जन्मभरासाठी घेतली. ज्या ज्या गुत्त्यांची उधारी होती, ती त्याने थोडी थोडी करून फेडली. त्या व्हायोलिनवाल्याला शोधत तो डब्लिनमध्ये किती तरी फिरला. तो सापडला नाही, तेव्हा ती रक्कम त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता दिली. पुढे तंबाखूही सुटली. ती सोडणे दारूहून जड गेले, असे ते नंतर सांगत.

यानंतरचे मॅट टॅलबॉट यांचे जीवन बाहेरून पाहणाऱ्याला सामान्य वाटेल. ते एका लाकडाच्या वखारीत मजूर म्हणून राबत होते. क्लॉनलिफचे डॉ. मायकल हिकी नावाचे धर्मगुरू त्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन करीत. १८९० साली ते संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे सभासद झाले. अक्षरओळख जेमतेम असलेल्या या मजुराने खटपट करून संत ऑगस्टीन आणि संत तेरेजा यांचे ग्रंथ वाचले. कळले नाही की ते धर्मगुरूंना विचारत. मिळकतीतले जेमतेम स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते गरीब शेजाऱ्यांना आणि मिशनकार्याला देत. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी कामगारांना कामाबाहेर काढून टाळेबंदी केली, तेव्हा ते सोबत्यांबरोबर राहिले आणि मिळालेली मदत लेकुरवाळ्यांना वाटून टाकली. उतारवयात आईला त्यांनी आपल्याजवळ ठेवले. १९१५ साली ती देवाघरी गेली. ज्या मुलाने तिच्या हातावर एखादेच नाणे ठेवले होते, त्यानेच तिचे म्हातारपण सांभाळले.

शेवटची दोन वर्षे आजारपणात गेली. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जात असताना ग्रॅनबी लेन या गल्लीत ते कोसळले आणि तेथेच मरण पावले. इस्पितळात कपडे काढताना अंगाभोवती साखळ्या गुंडाळलेल्या आढळल्या. पवित्र मरियेचा दास असल्याची खूण म्हणून आणि प्रायश्चित्त म्हणून ते त्या घालीत. कुणाला कधी पत्ता लागू दिला नव्हता. ११ जूनला, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, त्यांना मूठमाती देण्यात आली. पोप सहावे पॉल यांनी ३ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले. त्यांचे अवशेष आज डब्लिनच्या लूर्द मातेच्या चर्चमध्ये आहेत. व्यसनाशी झगडणारी माणसे जगभरातून तेथे येतात.

त्यांच्या साखळ्या आणि फळीवरची झोप यांचे अनुकरण आपण करावे असे चर्च सांगत नाही. पण त्यांच्या पहिल्या तीन महिन्यांपासून आपल्याला पुष्कळ शिकता येईल.

तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी असते. ती चढते, वाटते आता बुडालो, आणि मग ओसरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर कमी होतो. तेवढा अर्धा तास निभावण्याची सोय आधी करून ठेवावी लागते. उपाशी, चिडलेले, एकटे आणि थकलेले असताना ती अधिक जोराने येते. लोकलमध्ये दीड तास लोंबकळून अंधेरीला किंवा मुलुंडला उतरलेला माणूस या चारही गोष्टी अंगावर घेऊन उतरतो आणि स्टेशनबाहेरच बार असतो! म्हणून वाट बदलावी. घरी येताच काहीतरी खाऊन घ्यावे. पगार बायकोच्या हाती द्यावा. संध्याकाळची रोजरी चुकवू नये. आणि महिन्याचा विचार न करता फक्त आजची संध्याकाळ सांभाळावी. ज्याला माप कमी करायचे आहे, त्याने ते घरच्यांना सांगून करावे. पण पहिल्या पेल्यानंतर ज्याला थांबताच येत नाही, त्याच्यासाठी तो पहिला पेलाच वर्ज्य.

एक सावधगिरीही सांगायला हवी. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवालाही धोका असतो. अशा माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे. औषध घेणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे.

मॅट यांच्यापाशी जे नव्हते ते आपल्यापाशी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. मुंबईत तिच्या सभा अनेक चर्चच्या आवारांत होत आल्या आहेत. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

शेवटी आपल्या सर्वांविषयी दोन शब्द. त्या शनिवारी सोबत्यांनी मॅटला पाजले नाही आणि त्याचे भले झाले. आपण मात्र उलट वागतो. नामकरण असो, लग्न असो, महिन्याची मिस्सा असो, बाटलीशिवाय पाहुणचार झाला असे आपल्याला वाटत नाही. जो सोडू पाहतो त्यालाच आग्रह करतो, एकाने काय होते म्हणून हसतो. आपल्या महाराष्ट्राच्या गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. बाबांनी मुलीच्या बारशाला जातीची रीत मोडून दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण वाढले. लोकांची नाराजी त्यांनी पत्करली. आपल्या घरच्या पुढच्या कार्यात एवढे धैर्य आपण दाखवले, तर कुणाचा तरी तो अवघड अर्धा तास सहज निभावला जाईल.

आज मिस्सेत आपण अशा एका व्यक्तीचे नाव मनात आणून तिच्यासाठी प्रार्थना करू या. वंदनीय मॅट टॅलबॉट यांच्या विनवणीने प्रभू येशू तिला आजच्या संध्याकाळपुरते बळ देवो, आणि उद्याच्या संध्याकाळी पुन्हा देवो. आमेन.