डॉक्टर आनंदीबाई जोशी



घरात मूल जन्मास आले म्हणजे वडील माणसे दिवस मोजू लागतात. पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्या रात्री सटवाईचे लिहिणे, बाराव्या दिवशी बारसे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरासारख्या वस्तीत मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी सातव्या दिवशी अकीका होतो. ख्रिस्ती घरात मूल मंडळीपुढे आणून पाळकाकडून त्याच्यासाठी प्रार्थना करवितात. धर्म निराळे, तरी दिवस मोजण्याच्या मुळाशी एकच भय आहे, ते हे की, आलेला हा लहानगा पाहुणा राहील की जाईल? पूर्वी पुष्कळ बालके नाव ठेवण्यापूर्वीच जात, आणि शेजारीपाजारी एवढेच म्हणत की, सटवाईने तेवढेच लिहिले होते.

असेच एक बालक अवघे दहा दिवस जगले. त्याच्या आईचे हे चरित्र आहे.

तारीख ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात एक कन्या जन्मास आली. तिचे नाव यमुना ठेविले. घराणे एके काळी जमीनजुमला बाळगून होते, परंतु पुढे त्यास उतरती कळा लागली. नववे वर्ष लागले तोच यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी नावाच्या बिजवराशी लावून दिले. ते पोस्टखात्यात कारकून होते, आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. त्यांनी लग्नापूर्वीच अट घातली होती की, बायकोला शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये. सासरी तिचे नाव आनंदी झाले. गोपाळरावांचा शिक्षणाविषयीचा आग्रह स्तुत्य होता, पण त्यांची रीत कठोर होती. अभ्यासात कुचराई झाली तर ते मारहाणही करीत. चांगल्या हेतूने केलेला जाच हा जाचच असतो, हे सत्य त्यांचे गुण गाताना लपवू नये.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई माता झाल्या. मुलगा झाला. दहा दिवस तो आईच्या कुशीत राहिला आणि योग्य औषधोपचारावाचून गेला. बारशाचा दिवस उजाडलाच नाही.

तो काळ कसा होता हे ध्यानात घेतले पाहिजे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष डॉक्टराचा प्रवेश नसे. स्त्री डॉक्टर तर आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये कोणी झालीच नव्हती. खोली अंधारी, वारा बंद, सुईण अनुभवी असली तरी शास्त्राच्या ज्ञानाविना. विलायतेतही फार उजेड होता असे नाही. व्हिएन्ना शहरी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ मध्ये दाखवून दिले होते की, प्रसूती करणाऱ्याने हात औषधी पाण्याने स्वच्छ धुतले तर बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या एकदम उतरते. परंतु त्याच्या हयातीत त्याचे म्हणणे थोड्यांनीच मानले. अशा काळात कोकणातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने आपले बाळ गेल्यावर काय करावे? रडावे, उपास करावा, दैवाला दोष द्यावा आणि पुढल्या बाळाची वाट पाहावी, एवढेच तिला शिकविलेले होते. आनंदीबाईंनी मात्र मनाशी एक प्रश्न धरला की, हे बालक कशाने गेले, आणि कोणास काय ठाऊक असते तर ते वाचते? वैद्यकातील सर्व शोध अशाच प्रश्नापासून निघतात. आपण स्वतः डॉक्टर व्हावे हा त्यांचा निश्चय येथे रुजला.

गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असता १८७८ मध्ये त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतून साहाय्य मिळावे म्हणून मिशनऱ्यांकडे पत्रव्यवहार केला. तो रेव्हरंड वाइल्डर यांच्यापाशी पोहोचला. कोल्हापूरच्या मिशनचा पाया ह्याच गृहस्थांनी १८५२ मध्ये घातला होता. आता ते स्वदेशी परतून मिशनरी रिव्ह्यू नावाचे नियतकालिक चालवीत होते. त्यांनी ते पत्र आपल्या उत्तरासह छापले. परंतु उत्तर उत्तेजनाचे नव्हते. ह्या दांपत्याने आधी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, असाच त्याचा रोख होता.

पुढे काय झाले ते पाहा. १८८० मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नामक बाई दाताच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला त्या नियतकालिकाचा जुना अंक त्यांनी सहज उचलला व ते पत्र वाचले. अनोळखी देशातल्या अनोळखी मुलीविषयी त्यांच्या मनात कळवळा उपजला, आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. कसलीही अट घातली नाही. दोघींचा पत्रव्यवहार वाढला. आनंदीबाईंची प्रकृती बरी नसे म्हणून कार्पेंटरबाईंनी समुद्रापलीकडून औषधे धाडली. आनंदीबाई त्यांना मावशीच्या नात्याने लिहू लागल्या. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. जखमी मनुष्याच्या जवळून धर्माचा जाणता निघून गेला आणि ज्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता तो थांबला. वाइल्डरसाहेबांचे कोल्हापूरवरील उपकार मोठे आहेत, ते कोणी नाकारू नयेत. परंतु ह्या एका प्रसंगी थांबली ती दाताच्या दवाखान्यात बसलेली एक साधी गृहिणी, हे आपण मिशनच्या मंडळ्यांनी विसरू नये.

गोपाळरावांची बदली पुढे बंगाल्यात, कलकत्त्याजवळ श्रीरामपुरास झाली. आनंदीबाई अमेरिकेस जाणार ही वार्ता पसरताच लोकनिंदेला ऊत आला. हिंदूंनी धर्म बुडाला म्हटले. काही ख्रिस्ती लोकांनी बाप्तिस्म्याविना जाऊ नये म्हटले. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, जे डॉक्टर केरी व त्यांच्या सोबत्यांनी १८१८ मध्ये स्थापिले होते, आनंदीबाईंनी उभे राहून इंग्रजीत आपला हेतू सांगितला. ह्या देशात स्त्री डॉक्टरांची फार गरज आहे आणि ती भागविण्यास आपण सिद्ध आहो, असे त्यांचे सांगणे होते. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्यांचे वय त्या वेळी अठराही पुरते नव्हते.

तारीख ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून आगबोटीत बसल्या. मिरकरवाड्याच्या माणसाला समुद्र म्हणजे शेत. पावसाळा सरून होड्या पाण्यात पडल्या की घरची चूल पेटते. परंतु त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीने समुद्र ओलांडणे म्हणजे जातीला मुकणे होते. पती सोबत नव्हते. मिशनरी स्त्रियांच्या संगतीने त्यांनी तो सुमारे दोन महिन्यांचा प्रवास केला. तारीख ४ जून रोजी न्यू यॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना नेण्यास उभ्या होत्या.

फिलाडेल्फिया येथे स्त्रियांचे वैद्यकीय कॉलेज १८५० पासून चालू होते. डीन रेचल बॉडली ह्या विदुषीने आनंदीबाईंस तेथे प्रवेश दिला. थंडी हाडे गोठविणारी, अंगावर लुगडे, आहार शाकाहारी व अपुरा. प्रकृती मुळातच नाजूक होती. तिकडे घटसर्पाचा आजार झाला आणि पुढे क्षयाने शरीरात घर केले. तरी अभ्यास सुटला नाही. जपान व सिरिया ह्या देशांच्या मुलीही त्याच कॉलेजात शिकत होत्या. आपापल्या देशच्या वेषात त्या तिघींचे १८८५ मध्ये काढलेले छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. विषय कोणताही घेता आला असता. आनंदीबाईंनी हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला, आणि आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांतील ज्ञान व अमेरिकेत शिकलेले ज्ञान ह्या दोहोंचा त्यासाठी उपयोग केला. माता आणि बालक ह्या दोघांचे प्राण ज्या घटकेत टांगलेले असतात त्या घटकेचे हे शास्त्र. दहा दिवसांच्या बाळाच्या आईने हा विषय का निवडला हे वाचकांस सांगावयास नको.

तारीख ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री होत. समारंभास गोपाळराव होते, आणि आपल्या परिचयाच्या पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. आनंदीबाई आपल्या धर्मात राहिल्या होत्या. तरी एकीच्या यशाचा आनंद दुसरीस झाला.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले. ज्या शहरातून साहाय्याचे पत्र निघाले त्याच शहरी त्या डॉक्टर होऊन जाणार होत्या. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या. परंतु क्षयाने शरीर पोखरून टाकले होते, आणि क्षयावर त्या काळी गुणकारी औषध नव्हते. कोल्हापूरचे काम हाती घेण्यापूर्वीच तारीख २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेविला. बावीस वर्षे पुरी होण्यास महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडण्यात आली व न्यू यॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली गेली.

कोणी म्हणेल, मग ह्या सर्व कष्टांचे फळ काय? त्यांच्या मागोमाग वाट रुळली. डॉक्टर रखमाबाई १८९४ मध्ये विलायतेत परीक्षा उतरून सुरतेच्या इस्पितळात रुजू झाल्या, आणि त्यांच्यामागून कितीतरी. पण आनंदीबाईंचा मूळ प्रश्न, की कोणास काय ठाऊक असते तर बालक वाचते, त्याचे उत्तर मिळण्यास अजून शंभर वर्षे जावयाची होती. त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातच सापडला. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांनी खेड्यातल्या थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईचे दूध वेळेवर पाजविणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास देणे, आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही त्यांची कामे. एकोणचाळीस गावांत हे काम चालले व शेजारच्या सत्तेचाळीस गावांशी त्याची तुलना केली. १९९९ मध्ये लंडनच्या लॅन्सेट पत्रात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाप्रमाणे, ह्या गावांत दर हजारी सुमारे बासष्ट नवजात बालके दगावत, ती संख्या तिसऱ्या वर्षी पंचविसांच्या आसपास उतरली. सटवाईचे लिहिणे अक्षर ओळखणाऱ्या खेडवळ बायांनी पुसून काढले!

ह्याच रीतीवरून २०११ पासून सरकारने आशाताईंना घरोघर पाठविण्यास आरंभ केला. इस्पितळात जन्मलेल्या बाळाच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. मळक्या शस्त्राने नाळ कापल्यामुळे होणारा धनुर्वात एके काळी गावोगाव बालके नेत असे; गर्भिणीस लस व स्वच्छ प्रसूती यांच्या योगे त्याचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

बंधुभगिनींनो, आपण सटवाई मानीत नाही. परंतु बालक गेले म्हणजे देवाची इच्छा असे म्हणून आपणही लवकर गप्प बसतो. देवपित्याच्या इच्छेपुढे मान लववावी हे खरे. पण जे आपल्या आळसाने किंवा संकोचाने घडले ते त्याच्या नावावर घालणे हा त्याचा अपमान आहे. बाळ दूध ओढीनासे झाले, अंगाने ढिले पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, श्वास भरभर चालून छाती आत ओढू लागली, तर पहाटेची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, अथवा मिळेल त्या गाडीने इस्पितळ गाठावे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. आधी इस्पितळ आणि मग प्रार्थना असे नव्हे. प्रार्थना करीत करीतच निघावे.

मंडळीतील वडिलांनी एवढे तरी करावे की, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, आशाताई तेथे येऊन गेली की नाही, आणि रात्री गरज पडल्यास गाडी कोणाची मिळेल, हे विचारून ठेवावे. ते घर आपल्या मंडळीचे असो वा नसो, विचारावे. रोझेलच्या त्या बाईने तरी घर कोणाचे हे कोठे पाहिले होते?