हॅरी नायक्विस्ट : 'दुप्पट' नियमाचे शास्त्रज्ञ

लिनक्सच्या संगणकाला यूएसबी साउंड कार्ड जोडून तुम्ही पाठाचं रेकॉर्डिंग ऐकता, तेव्हा एका शास्त्रज्ञाचा नियम तिथे गुपचूप काम करत असतो. आज त्यांची ओळख करून घेऊया.

हॅरी नायक्विस्ट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ रोजी स्वीडनमधील निल्स्बी या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. बांधकामावर काम करून त्यांनी प्रवासाचे पैसे साठवले आणि १९०७ मध्ये अमेरिका गाठली. नॉर्थ डकोटा विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये येल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी ते एटी अँड टी कंपनीत लागले. पुढे बेल प्रयोगशाळेतून १९५४ मध्ये निवृत्त झाले.

तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त किती संकेत पाठवता येतील, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या १९२८ च्या निबंधातून उत्तर मिळालं : तारेच्या वारंवारता-पट्ट्याच्या दुप्पट. हाच धागा पकडून १९४९ मध्ये क्लॉड शॅनन यांनी नियम मांडला, की आवाजातल्या सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीपेक्षा जास्त नमुने घेतले, तर मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो.

आता तुमच्या कार्डाकडे वळू. फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची आणि कार्ड फक्त ४८,००० चं, असं असेल तर? नमुने तसेच वाजवले, तर बाईंचा आवाज चिरका आणि घाईघाईचा येईल! म्हणून लिनक्समधील अल्सा किंवा पाइपवायर दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नमुने नव्याने मोजून काढतं.

दर कमी करताना मात्र जपायला हवं. ४८,००० वरून १६,००० वर येताना ८,००० हर्ट्झच्या वरचे स्वर आधी गाळावे लागतात. नाही गाळले, तर १०,००० हर्ट्झचा स्वर ६,००० चा होऊन बोलण्यात मिसळतो आणि मग तो वेगळा काढता येत नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंग कधीच पुसू नका.

४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सासमध्ये नायक्विस्ट यांचं निधन झालं. त्यांच्यासोबत जेवायला बसणाऱ्या सहकाऱ्यांच्या नावावर जास्त पेटंट असत, असं बेल प्रयोगशाळेत सांगितलं जाई. कारण काय? ते समोरच्याला नेमके प्रश्न विचारत. उद्या वर्गात उत्तर सांगण्याआधी आपणही एक प्रश्न विचारून पाहूया ना!